रेल्वेचा नाद लागतो कसा, आणि लागला की सुरुवात कुठून करायची

कर्जतला गाडी थांबली की बाबा म्हणायचे, "आता लक्ष ठेव." मग बराच वेळ काहीच व्हायचं नाही. फलाटावर वडेवाल्यांची पळापळ, खिडकीतून आत येणारे कागदात गुंडाळलेले गरम वडे, सुट्ट्या पैशांची शोधाशोध. आणि मग मागून धक्का यायचा. फार मोठा नाही, पण शेवटच्या डब्यापासून पुढे सरकत आलेला कळायचा. वरच्या फळीवरची ट्रंक इंचभर हलायची, पाण्याच्या बाटलीत लाट उठायची. "बँकर लागला," बाबा सांगायचे आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घालायचे.

मी तेव्हा सहा-सात वर्षांची असेन. दर मे महिन्यात दादरहून पुण्याला आजोळी जायचो. गाडी ओढायला पुढे इंजिन असताना मागून ढकलायला आणखी इंजिनं का लागतात, हा प्रश्न मला त्या धक्क्याने दिला. त्याचं उत्तर मिळालं, त्या उत्तरातून पुढचे दहा प्रश्न निघाले, आणि आज इतक्या वर्षांनीही ते संपलेले नाहीत.

ज्यांना गाड्यांची ओढ आहे, पुलावरून जाताना खाली मालगाडी दिसली की पाय थबकतात, पण पुढे नेमकं काय करायचं ते उमगत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मुलाने रेल्वेचा ध्यास घेतलाय आणि त्याच्या प्रश्नांना काय उत्तर द्यावं असं झालंय, त्या आईबाबांनाही उपयोग होईल.

आधी आपला धागा शोधा

नाद कुठून लागला हे आठवून पाहा. ही नुसती आठवणींची हौस नाही. तुम्हाला पुढे कशात रमायला होईल हे त्या पहिल्या आठवणीतच असतं.

भुसावळ, मनमाड, दौंड, कुर्डुवाडी अशा गावांतल्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या लोकांना बहुधा इंजिनांची ओढ असते, कारण त्यांनी ती शेडमध्ये उघडी पडलेली पाहिलेली असतात. सोलापूर, धाराशिव, लातूर भागातली जुनी माणसं बार्शी लाइट या जुन्या रेल्वेबद्दल बोलू लागली की त्यांच्या बोलण्यात अरुंद रूळ, हळू चाल आणि पंढरीला निघालेले वारकरी येतात. अशा घरातल्या माणसाला इतिहास धरून ठेवतो. मुंबईत लोकलच्या दारात वाढलेल्या मुलाला वेळापत्रकाचं वेड लागतं: कुठली फास्ट, कुठली स्लो, कुठली कुठे कुणाला गाठते. कोकणातल्यांचं वेगळंच आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात १९९० च्या दशकापर्यंत रेल्वेच नव्हती. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग १९९८ च्या जानेवारीत खुला झाला, त्यामुळे तिथे चाळिशी ओलांडलेल्या पुष्कळांनी आपल्या गावात पहिली गाडी आलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. त्यांना बोगदे आणि पूल ओढतात.

तुमचा धागा आवाजाचा आहे, यंत्राचा आहे, आकड्यांचा आहे, प्रवासाचा आहे की आजोबांच्या नोकरीचा, ते एका ओळीत लिहून काढा. सगळं एकदम शिकायला गेलात तर महिन्याभरात कंटाळाल. एकच धागा धरलात तर बाकीचे आपोआप हाताशी येतात.

एक स्टेशन, एक वही, एक तास

सुरुवात घराजवळच्या स्टेशनापासून करा. सीएसएमटीला जायची गरज नाही. मोठ्या स्टेशनात गर्दी इतकी असते की नवख्याला काहीच दिसत नाही. लहानसं, दोन-तीन फलाटांचं, जिथे काही गाड्या थांबतात आणि काही न थांबता निघून जातात, असं स्टेशन शिकायला सर्वांत चांगलं. फलाट तिकीट दहा रुपयांचं असतं आणि दोन तास चालतं. ते काढाच, तुम्ही तिथे हक्काने बसलेले असलात की कोणी विचारलं तर सांगायला सोपं जातं.

वहीत चार रकाने करा: वेळ, गाडीचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक, आणि 'काय वेगळं दिसलं'. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. पहिल्या दिवशी तो रिकामा राहील. तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्यात 'शेवटच्या डब्यावर मोठी फुली' असं काहीतरी येईल. मग तुम्ही विचाराल की ही फुली कशासाठी? गाडीच्या शेवटच्या डब्याच्या पाठीवर ती असते, सोबत 'एलव्ही' (लास्ट व्हेईकल, म्हणजे शेवटचा डबा) लिहिलेली पाटी लटकवलेली असते, आणि रात्री लाल दिवा. गाडी पुढे गेली की स्टेशनवरचा माणूस ती खूण पाहतो. ती दिसली म्हणजे गाडी पूर्ण आली, वाटेत एखादा डबा सुटून मागे राहिलेला नाही. ती दिसली नाही तर मागचा मार्ग मोकळा धरता येत नाही. एवढीशी फुली, पण मागून येणाऱ्या गाडीतल्या माणसांचा जीव तिच्यावर असतो. हे कळल्यापासून मी गाडीचं तोंड जितक्या उत्सुकतेने पाहते, तितक्याच उत्सुकतेने तिची पाठ पाहते.

एकाच स्टेशनवर, शक्यतो एकाच वेळेला, निदान आठ-दहा वेळा जा. माझं ठाम मत आहे की दहा वेगवेगळी स्टेशनं एकदा पाहण्यापेक्षा एकच स्टेशन दहा वेळा पाहणारा माणूस जास्त शिकतो. पाचव्या दिवशी तुम्हाला कळू लागतं की ही गाडी आज उशिरा आहे, म्हणून त्या मालगाडीला लूप लाइनवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर घेतलंय. सगळा खेळ तुमच्यासमोर उलगडायला लागतो. गाडी कुठे पोचली आहे ते रेल्वेच्या एनटीईएस या ॲपवर पाहता येतं, पण आधी स्वतः अंदाज बांधा, मग ॲप उघडा.

आकडे वाचायला शिका

गाडीचा पाच आकडी क्रमांक हा तिचा पत्ता आहे. डिसेंबर २०१० पासून सगळ्या गाड्यांना पाच आकडे आले. पहिला आकडा जात सांगतो: १ किंवा २ म्हणजे लांब पल्ल्याची गाडी, ५ पॅसेंजर, ६ मेमू (विजेवरची), ७ डेमू (डिझेलवरची), ९ मुंबईची लोकल, ० म्हणजे विशेष गाडी. लांब पल्ल्याच्या गाडीचा दुसरा आकडा २ असेल तर ती सुपरफास्ट. तसं नसेल तर तो आकडा बहुधा रेल्वेचा विभाग दाखवतो. ११००७ डेक्कन एक्स्प्रेस मध्य रेल्वेची, १०१०३ मांडवी कोकण रेल्वेची, १७६१७ तपोवन दक्षिण मध्य रेल्वेची. जाणारी आणि येणारी गाडी यांचे क्रमांक जोडीने असतात: मुंबईहून पुण्याला १२१२३ डेक्कन क्वीन, पुण्याहून मुंबईला १२१२४.

डब्याच्या अंगावरही क्रमांक असतो. त्याचे पहिले दोन आकडे म्हणजे डबा बांधला गेला ते वर्ष. ०८ ने सुरू होणारा डबा २००८ चा. लहान मुलांना हा खेळ फार आवडतो. स्वतःच्या वयाचा डबा शोधायला लावा, सगळा फलाट पालथा घालतील. डबे दोन प्रकारचे दिसतील. जुन्या निळ्या आयसीएफ डब्यांना दोन्ही टोकांना गोल थाळीसारखे बफर असतात आणि मधे आट्यांची साखळी. नव्या एलएचबी डब्यांना ते बफर नसतात, मधोमध डबे जोडणारा एकच जाड मुठीसारखा कपलर असतो. अपघातात डबे एकमेकांवर चढू नयेत म्हणून तो महत्त्वाचा.

आणि इंजिन. त्यावरची अक्षरं पाठ करावी लागत नाहीत, फोडून वाचता येतात. पहिलं अक्षर रुळांची रुंदी: डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, वाय मीटरगेज, झेड नॅरोगेज. मग शक्ती: डी डिझेल, ए एसी वीज, सी डीसी वीज. मग काम: पी प्रवासी, जी माल, एम दोन्ही, एस शंटिंग (यार्डात डबे इकडून तिकडे हलवणं). म्हणजे डब्ल्यूएपी-७ हे ब्रॉडगेजवरचं, एसी विजेवरचं, प्रवासी गाड्यांचं सातव्या प्रकारचं इंजिन. डब्ल्यूडीजी-४ कसलं ते आता तुम्हीच सांगाल. मुंबईच्या जुन्या लोकांच्या आठवणीत डब्ल्यूसीएएम असतं, म्हणजे सी आणि ए दोन्ही. मुंबई परिसरात तारांमध्ये १,५०० व्होल्ट डीसी होती आणि बाहेर २५,००० व्होल्ट एसी, म्हणून दोन्हींवर चालणारी इंजिनं खास इकडच्यासाठी होती. मध्य रेल्वेवरचं हे डीसीचं पर्व २०१६ मध्ये संपलं.

इंजिनाच्या अंगावर त्याच्या शेडचं नावही रंगवलेलं असतं: कल्याण, अजनी, भुसावळ, पुणे. ते त्याचं घर. देखभालीसाठी त्याला तिथे परतावंच लागतं. मनमाडच्या फलाटावर 'गाझियाबाद' लिहिलेलं इंजिन दिसलं की मला नेहमी वाटतं, पाहुणा आलाय.

कान उघडे ठेवा

याबद्दल फार कोणी सांगत नाही, पण गाडी दिसण्याआधी ऐकू येते. आल्को या अमेरिकन कंपनीच्या रचनेची जुनी डिझेल इंजिनं उभी असतानाही धडधडत असत आणि निघताना काळा धूर सोडत. या घराण्यातलं पहिलं डब्ल्यूडीएम-२ १९६२ मध्ये भारतात आलं. आता ती कमी होत चालली आहेत. अजून कुठे चालू असेल तर फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवा. डब्ल्यूएपी-७ सुटताना खालून वर चढत जाणारा गुणगुणाट करतं. पूर्वी एलएचबी गाडीच्या टोकाच्या जनरेटर डब्याजवळ उभं राहिलं की बोलणं ऐकू येत नसे. आता इंजिनच वरच्या तारेतून वीज घेऊन सगळ्या डब्यांना पुरवतं, त्यामुळे बऱ्याच गाड्यांचे ते डबे गप्प असतात. फलाट किती शांत झाला हे जुन्या माणसालाच जाणवतं.

रुळांचा ठेका मात्र अजून काही ठिकाणी शिल्लक आहे. मुख्य मार्गांवर आता रूळ लांबच लांब जोडलेले असतात, म्हणून खटखट येत नाही. पण जिथे दर १३ मीटरला सांधा आहे अशा फाट्यावर किंवा लूपवर गाडी शिरली की घड्याळ काढा आणि ४७ सेकंदांत किती खटके झाले ते मोजा. जितके खटके, जवळजवळ तितकाच ताशी किलोमीटर वेग. १३ मीटरच्या हिशोबाने ते आकडे आपोआप जुळतात. ठेका नसेल तर खिडकीतून विजेचे खांब पाहा. खांबावर १०३/१२ अशा पद्धतीचा आकडा असतो: वरचा किलोमीटर, खालचा त्या किलोमीटरमधला कितवा खांब. एका किलोमीटरला किती सेकंद लागले ते पाहून ३,६०० ला त्याने भागा. ३६ सेकंद लागले तर गाडी शंभरने चालली आहे. मध्य रेल्वेवर हा किलोमीटर मुंबईपासून मोजला जातो, त्यामुळे पुण्याकडे जाताना कर्जतला तो शंभराच्या आसपास असतो, लोणावळ्याला १२८ आणि पुण्याला १९२.

सिग्नल कळला की गाडी बोलू लागते

चार संकेत आहेत. लाल: थांब. एक पिवळा: पुढचा लाल आहे, तिथे थांबायच्या तयारीने ये. दोन पिवळे: पुढच्या सिग्नलला वेग कमी करायला तयार राहा. हिरवा: जा. फलाटाच्या टोकाला जो असतो तो स्टार्टर, स्टेशनात शिरण्याआधीचा होम. सिग्नलच्या डोक्यावर एका बाजूला तिरकी पांढऱ्या दिव्यांची रांग पेटली तर गाडी त्या बाजूच्या लाइनवर वळणार आहे.

आता फलाटावर बसून पाहा. स्टार्टर हिरवा आहे आणि तुमच्या फलाटावर गाडीच नाही? मग काहीतरी न थांबता धडाडत येणार आहे. पिवळ्या पट्टीच्या मागे व्हा. गाडी उभी आहे, स्टार्टर लाल, आणि सगळे प्रवासी वैतागलेत? दुसऱ्या लाइनवर लक्ष ठेवा. कोकण रेल्वेवर तर यातच निम्मी मजा आहे. मार्गाचा मोठा भाग अजून एकेरी आहे, म्हणून समोरून येणाऱ्या गाडीसाठी एकीला स्टेशनात थांबावंच लागतं, त्याला क्रॉसिंग म्हणतात. संगमेश्वरला गाडी पंधरा मिनिटं उभी आहे म्हणून कुरकुरणाऱ्यांमध्ये तुम्ही एकटे खिडकीशी सावरून बसलेले असता, कारण तुम्हाला माहीत असतं की कोण येतंय.

आता घाट चढा

पुणे-मुंबईकडच्या माणसाला बोरघाट म्हणजे घरची शाळा आहे. एक दिवस काढा, नुसता घाटासाठी. पावसाळ्यात गेलात तर डोळ्यांना सुख, पण शिकायला हिवाळा बरा, धुकं नसतं.

कर्जतला उतरून पिवळी पाटी वाचा. प्रत्येक स्टेशनच्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते आणि बहुतेक लोक ती आयुष्यभर वाचत नाहीत. कर्जतचा आकडा शंभर मीटरच्या आतला, लोणावळ्याचा सहाशेच्या पुढचा, आणि मधलं अंतर फक्त २८ किलोमीटर. घाटातला चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर चढते. रस्त्यावरच्या गाडीला हे काहीच नाही. पण रेल्वेचं चाक लोखंडाचं, रूळही लोखंडाचा, त्यात घर्षण फार कमी. सपाटीवर हाच गुण आहे, चढावर हाच दोष. पुढच्या इंजिनाची चाकं घसरू लागतात. शिवाय सगळा भार पुढूनच ओढला तर डब्यांमधल्या जोडावर प्रचंड ताण येतो. म्हणून मागून ढकलायला दोन किंवा तीन इंजिनं लावतात. माझ्या लहानपणीच्या धक्क्याचं उत्तर ते हे.

फलाटाच्या मुंबईकडच्या टोकाला उभे राहा. गाडी थांबली की थोड्या वेळाने बँकर मागून हळूहळू येतात. शेवटचे काही मीटर तर चालत्या माणसापेक्षाही हळू. टेकतात, जोडले जातात, हवेचा पाइप जोडताना फुस्स असा आवाज येतो, मग तपासणी, आणि पुढच्या इंजिनाने भोंगा दिला की मागचं उत्तर देतं. अर्ध्या किलोमीटर लांबीच्या गाडीच्या दोन टोकांचं हे बोलणं ऐकण्यासाठी मी अजूनही मुद्दाम कर्जतला उतरते. वंदे भारतला मात्र हे काही लागत नाही. तिला वेगळं इंजिनच नाही, मोटारी डब्यांखाली वाटलेल्या असतात, त्यामुळे बरीच चाकं जोर लावतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली तेव्हा ती बँकरशिवाय घाट चढली.

पुढे पळसधरी, जामरुंग, ठाकूरवाडी, मंकी हिल, खंडाळा. खिडकी मिळाली तर बोगदे मोजा, आणि मोजलेला आकडा सोबतच्या माणसाच्या आकड्याशी जुळतो का ते पाहा. सहसा जुळत नाही, पुन्हा यायला निमित्त होतं. परत येताना एक गोष्ट लक्षात ठेवा: उतरणारी गाडी वाटेत उगाच थांबल्यासारखी वाटते, तिथे बाजूला एक रूळ वर डोंगराकडे जाऊन संपलेला दिसेल. ती कॅच सायडिंग. उतारावर गाडीचा ब्रेक निकामी झाला तर ती त्या चढावर जाऊन थांबावी म्हणून सांधा (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जोडणी) मुळातच तिकडे लावलेला असतो. गाडी थांबून दाखवते, म्हणजे ब्रेक शाबूत आहेत हे सिद्ध होतं, मगच तिला मुख्य मार्ग मिळतो. आणि आणखी एक: घाट उतरून मुंबईकडे जाणाऱ्या या गाडीला रेल्वेच्या भाषेत 'अप' म्हणतात. मुख्यालयाकडे जाणारी ती अप, डोंगर काहीही म्हणो.

हा घाट १८६३ मध्ये पूर्ण झाला. मुख्य अभियंता जेम्स बर्कली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर थोड्याच काळात, १८५९ मध्ये वारला आणि त्याची बायको ॲलिस ट्रेडवेल हिने काम पुढे चालवलं. कॉलरा, ताप, सुरुंग, कोसळणारे कडे यांत हजारो मजूर मेले. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. खिडकीतून दरीकडे पाहताना मला त्यांची आठवण येते, आणि ती यावी असं मला वाटतं. १९२९ पर्यंत तर गाडी घाटात मधेच एका ठिकाणी उलट्या दिशेला फिरवून वर न्यावी लागत असे. ते रिव्हर्सिंग स्टेशन बंद झालं, विजेच्या तारा आल्या, आणि १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली. तिचा वाढदिवस पुणे स्टेशनावर रोजचे प्रवासी अजूनही केक कापून साजरा करतात. पहिल्यांदा जाणार असाल तर तो दिवस गाठा. रेल्वेवर प्रेम करणारी माणसं एका फलाटावर भेटतील आणि बोलायला आनंदाने तयार असतील.

रुळांपासून लांब

हे वाचल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढू नका.

मी चौदा वर्षांची असताना वळणावरून येणाऱ्या गाडीचा फोटो घ्यायला दोन रुळांच्या मधे उभी राहिले होते. समोरून मालगाडी येत होती, सगळं लक्ष तिच्यावर. तिचा आवाज इतका होता की मागच्या लाइनवरून दुसरी गाडी येतेय हे मला कळलंच नाही. गस्तीवरच्या एका गँगमनने मला दंडाला धरून अक्षरशः ओढलं. गाडी गेल्यावर तो ओरडला नाही. त्याचे हात थरथरत होते. "पोरी, विजेची गाडी तोंडाकडून ऐकू येत नाही," एवढंच म्हणाला. त्यानंतर मी एकही फोटो रुळांमधून काढलेला नाही.

ते खरं आहे. विजेवरची गाडी समोरून जवळजवळ निःशब्द येते, आणि वारा उलटा असेल तर भोंगाही उशिरा पोचतो. फोटो फलाटावरून, पादचारी पुलावरून, रस्त्यावरच्या पुलावरून किंवा फाटकाबाहेरूनच काढा. हद्दीत विनापरवाना शिरणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे; सहा महिन्यांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात, आणि तारेला हात लागायचीही गरज नसते, जवळ गेलं तरी वीज अंगात उतरते. पुलावरून सेल्फीची काठी खाली सोडू नका, उभ्या मालगाडीवर चढू नका. दारात लटकून व्हिडिओ करणाऱ्यांशी मैत्रीच करू नका, असं मी स्पष्ट सांगते. रात्री फ्लॅश बंद ठेवा, लोको पायलटच्या डोळ्यांवर तो जातो. व्यावसायिक चित्रीकरणाला परवानगी लागतेच. साध्या फोटोलाही सुरक्षा दलाच्या जवानाने हरकत घेतली तर वाद न घालता कॅमेरा आत ठेवा. वही कुणी बंद करायला सांगत नाही.

वही भरली की

पाहण्यासारखं पुष्कळ आहे, मी फक्त सुरुवातीचं सांगते. नेरळ-माथेरान ही दोन फूट रुंदीच्या रुळांवरची गाडी १९०७ पासूनची, सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने उभारलेली. जाण्याआधी सेवा चालू आहे का ते विचारून घ्या, पावसाळ्यात नेरळकडचा भाग बंद असतो. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे, विदर्भातल्यांनी तिथूनच सुरुवात करावी. पुण्यात कर्वे रस्त्यावर जोशींचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय १९९८ पासून आहे. एका माणसाच्या छंदातून उभं राहिलेलं ते काम पाहताना मोठी माणसंही गुडघे टेकून बसतात. दिल्लीला गेलात तर राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात निदान अर्धा दिवस द्या. बोरघाटात एकेकाळी चालणारं, पुढे-मागे लांब नाकाडं असलेलं 'खेकडा' इंजिन तिथे आहे. रत्नागिरीजवळचा पानवळ नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आहे, आणि करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर. त्यात शिरताना आणि निघताना घड्याळ पाहा, वेगाचं गणित तुम्हाला आता येतंच.

इतिहासाची तारीख एक तरी पाठ असावी: १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, १४ डबे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. ठाण्याच्या लोकलमधून तुम्ही रोज जाता तो मार्ग हाच. हा रेल्वेचा उद्योग मुंबईत यावा म्हणून खटपट करणाऱ्यांत नाना शंकरशेट होते.

माणसांशी बोला. निवृत्त लोको पायलट, गार्ड (आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात), गँगमन, केबिनमन तुमच्याच गल्लीत राहत असतील. त्यांना "काका, घाटात पहिल्यांदा गाडी नेली तो दिवस आठवतो का?" असं विचारा आणि मग मधे बोलू नका. हे ज्ञान लिहून ठेवलेलं नाही आणि ती माणसं एकेक करून जात आहेत. म्हणून वहीची मागची पानं त्यांच्यासाठी राखून ठेवा.

मुलाला सोबत नेत असाल तर सगळं आधीच सांगून टाकू नका. गेल्या दिवाळीत भाचीला घेऊन पुण्याला निघाले. कर्जत आलं. वडा हातात होता, मी मुद्दाम काहीच बोलले नाही. धक्का आला तशी ती खाता खाता थांबली, मागे वळून डब्याच्या टोकाकडे पाहिलं आणि विचारलं, "मावशी, आपल्याला मागून कोण ढकलतंय?"

लोणावळ्याला बँकर सुटेपर्यंत ती प्रश्न विचारत होती. मग माझ्या वहीचं एक पान फाडून मागितलं. त्यावर तिने लिहिलं: 'कर्जत. मागे तीन इंजिनं. पुढचं दिसलं नाही, परत येताना बघायचं.'